ब्रेकर आला, उतर

अल्लीपूरच्या चौकातून रविवारी सकाळी अण्णाजींची स्कूटी निघाली की पोरं दात घासायला घेत, आणि ती पलीकडच्या वळणावर दिसेनाशी होईस्तोवर त्यांचा चहा-पाव आटोपत असे. इतकी ती हळू. समोर अण्णाजी, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली करकचून आवळलेला. मागे रामाजी, मांडीवर नायलॉनची पिशवी. पानठेल्यावरची मंडळी दर रविवारी तेच विचारत, "अण्णाजी, आजच पोचसान ना हिंगनघाटले?" अण्णाजी हेल्मेटच्या आतून हसत. रामाजी मात्र मान दुसरीकडे वळवत, कारण त्यांना ते लागत असे.

लागणारच. ज्यानं अण्णाजींची फटफटी पाहिली, त्याला ही स्कूटी बघवायची कशी? रामाजींचं लग्न जुळायचं होतं त्या दिवशी नाल्याला पाणी आलं, एसटी बंद, आणि बैठक पलीकडच्या गावात. अण्णाजी म्हणाले, "बस मागं, डोये मिट." रामाजींनी डोळे उघडले तेव्हा पलीकडचा काठ आला होता आणि होणारे सासरे तोंडाचा आ करून उभे होते. त्या दिवशी मुलीकडून होकार आला तो नवरदेवाला की फटफटीला, हे रामाजींना अजूनही कळलं नव्हतं. बायको गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती असेस्तोवर हसून एवढंच म्हणायची, "अण्णाभाऊ समोर होते म्हणून तुमी मागं दिसले."

रामाजी स्वतः गाडी शिकलेच नाहीत. एकदा शिकायला घेतली ती सरळ बंडूजींच्या उकिरड्यात गेली, तेव्हापासून त्यांनी मागची सीट पत्करली. शाळेत बाबू होते ते, दिवसभर खुर्चीवर. आठवड्यातून एकदा अण्णाजींच्या खांद्यावरून जग पाहायला मिळे, आणि तिथून ते फार चांगलं दिसे. अण्णाजी शेतकरी माणूस, पण रविवारी शेतावर पाय टाकायचा नाही म्हणजे नाही. हिंगणघाटला जायचं, तर्री-पोहे खायचे, किरकोळ बाजार करायचा, ऊन चढायच्या आत परत. बाकी सगळं बदललं, रविवार तेवढा मोडला नाही.

आणि गाडीवर बसल्यावर एक नेम होता. आठवड्यात प्रत्येकानं एक शोध लावायचा आणि तो रस्त्यात दुसऱ्याला सांगायचा. शोध म्हणजे काही फार नाही. मोबाईल स्टीलच्या गिलासात उभा ठेवला की भजन चार घरं ऐकू जातं, हा रामाजींचा. चिमणी ज्वारी सोडून आधी बाजरी टिपते, हा अण्णाजींचा. शोध ऐकून समोरच्यानं "हट बे" म्हणायचं. त्याचा अर्थ असा की शोध पसंत पडला, आता पुढचं बोल. दोघांना कोणी विचारलं असतं की तुम्ही एवढी वर्षं बोलता तरी काय, तर त्यांना सांगता आलं नसतं, पण शोध एकदाही रिपीट झाला नव्हता हे दोघंही छाती ठोकून सांगत.

पूर्वीचे शोध वेगळ्या जातीचे होते, हे रामाजींच्या अलीकडे ध्यानात यायला लागलं होतं. नाला कुठून उथळ आहे, कोणाच्या आंब्याला राखण नाही, टॉकीजच्या कोणत्या दारातून फुकट शिरता येतं, असे ते शोध. आता? "पँट पलंगावर बसून घालाची. उभ्यानं घालनं पोट्ट्याईचं काम." हा अण्णाजींचा गेल्या महिन्यातला. "न्हानीत फरशीवर पोतं टाकून आंघोळ कराची." हा रामाजींचा. दोन वर्षांखाली रामाजी त्याच न्हाणीत घसरले होते, मांडीत रॉड पडला होता. त्याच हिवाळ्यात अण्णाजींचा मोतीबिंदू निघाला. दोघांची दुरुस्ती एका सालात झाली, असं गाव म्हणायचं.

आणि तेव्हापासूनच अण्णाजींचं हे सुरू झालं. रस्त्यात ब्रेकर दिसला की गाडी थांबायची. "ब्रेकर आला, उतर." रामाजींनी उतरायचं, अण्णाजींनी स्कूटी एखादं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी पलीकडे न्यायची, मग रामाजींनी चालत जाऊन पुन्हा बसायचं, बसलो म्हणून खांद्यावर थाप मारायची, की गाडी पुढं. हिंगणघाटपर्यंत किती ब्रेकर आहेत ते ज्यानं त्यानं जाऊन पाहावं. लोक बघत, हसत. रामाजींना वाटे, डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि माणसातली हिंमतच काढून घेतली की काय डॉक्टरनं. ज्याच्या मागं बसून आपण पूर ओलांडला, तो आता बोटभर उंचवट्याला भितो. त्यांना अण्णाजींचा राग यायचा नाही, वाईट वाटायचं, आणि ते रागापेक्षा वाईट.

शनिवारी संध्याकाळी अण्णाजींचा मुलगा पियुष रामाजींच्या ओट्यावर येऊन बसला. सरळ पोरगा, आडपडदा नाही. "काका, बाबाले आता गाडी बंद कराले सांगा. हायवेवर मागून ट्रक हॉर्न मारत राह्यते अन् हे मधात बैलबंडीसारखे चालून राह्यले. माह्या साल्यानं, रूपालीच्या भावानं, सोताच्या डोयानं पाह्यलं. कोनी ठोकून देईन एखाद्या दिवशी. मी सांगतलं तं घरात महाभारत होईन. तुमचं आइकते ते."

"अन् रविवार?" रामाजींनी विचारलं.

"मी सोडून देत जाईन ना कारनं. जवा सवड भेटंन तवा."

सवड भेटेल तेव्हा म्हणजे कधी, हे रामाजींना कळत नव्हतं असं नाही. पण पोराचं चुकत काय होतं? ट्रकवाला काही अण्णाजींची फटफटी पाहिलेला नाही. "सांगतो उद्या," रामाजी म्हणाले, आणि पियुष गेल्यावर बराच वेळ ओट्यावरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे निघाले. कापूस फुटलेला, दोन्ही बाजूंनी वावरं पांढरी, हवेत गारवा. रामाजींनी मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. अण्णा, आता पुरे. अण्णा, पियुष म्हनत होता. अण्णा, माह्याच्यानं आता बसनं होत नाई. हे तिसरं बरं होतं, यात अण्णाजींची इज्जत राहत होती. पुढच्या ब्रेकरनंतर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढचा ब्रेकर आला, ठरवणं त्याच्या पुढच्यावर गेलं. अण्णाजी आपले खुशीत होते. "आज असा शोध आनला हाय का तू चाट पडशीन," एवढं म्हणून ते गाडीला मोकळा रस्ता मिळायची वाट पाहत होते.

एका गावाच्या वेशीवर पुन्हा, "ब्रेकर आला, उतर." रामाजी उतरले. अण्णाजींनी गाडी पलीकडे नेली. रामाजींनी पिशवी सीटवर ठेवली, तेवढ्यात चपलेत खडा टोचला. जरा थांब, म्हणून त्यांनी अण्णाजींच्या खांद्यावर थाप मारली.

आता बोला. दोन वर्षं ज्या थापेवर गाडी निघते, ती थाप पडली आणि गाडी निघाली. रामाजी एका पायावर, हातात चप्पल. "अण्णा, अबे थांब." हेल्मेटच्या आत कसलं ऐकू जातं. स्कूटी सावकाश, अगदी मागच्याच्या हाडाला धक्का लागणार नाही अशी चालली होती, आणि अण्णाजींचा डावा हात मधूनमधून हवेत उठत होता. म्हणजे शोध सांगणं सुरू झालं होतं. पिशवीला.

रामाजींना आधी हसू फुटलं, मग संताप आला, आणि वळणाआड गाडी गेल्यावर दोन्ही ओसरलं. झालं, ते मनाशी म्हणाले. आता वाक्यं जुळवायची गरज नाही. मागचा माणूस रस्त्यात राहिला तरी ज्याला कळत नाही, त्यानं गाडी चालवू नये, हे अण्णाजींना स्वतःलाच कळेल. रविवार संपला. ब्रेकरच्या अलीकडे नाल्यावर ठेंगणा पूल होता, रपटा, त्याच्या कठड्यावर ते मागे येऊन टेकले.

बाजूच्या वावरात एक बाई कापूस वेचत होती, कमरेची ओटी फुगलेली. "कोनाची वाट पाह्यता बाबाजी?"

"ड्रायव्हरची," रामाजी म्हणाले.

बराच वेळ गेला. मग दूर वळणावर एक गाडी दिसली, आणि ती येत होती कशी, तर रामाजी उठून उभेच राहिले. वेशीच्या त्याच ब्रेकरवर ती थांबली नाही, हळूही झाली नाही. चालवणारा सीटवरून जरासा उठला, गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली, पुढं रस्त्यात आडवं आलेलं वासरू त्यानं नुसत्या कमरेच्या एका हिसक्यात चुकवलं आणि पुन्हा सरळ. धूळ मागं राहिली.

"कोनाचं पोट्टं हाय वो हे? मराचं हाय काय त्याले?" बाई म्हणाली.

 हा हिसका रामाजींना ठाऊक होता. फक्त त्यांनी तो नेहमी मागे बसून, डोळे मिटून अनुभवला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते अण्णाजींना गाडी चालवताना समोरून पाहत होते. काय चालवत होता हा माणूस. चाळीस वर्षं गावाला सांगितलेलं सगळं खरं होतं, उलट कमीच सांगितलं गेलं होतं.

स्कूटी करकचून थांबली. अण्णाजींनी हेल्मेट काढलं नाही, काही विचारलं नाही, आधी वाकून रामाजींची मांडी दोन्ही हातांनी चाचपली. 

"पडला काय? कुठं पडला?"

"पडलो नाई बे. चपलेत खडा होता. तूच गेला निघून."

अण्णाजी मटकन कठड्यावर बसले. हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं, आणि मग रामाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाई कापसात तोंड लपवून हसत होती. "तो शोध पुरा सांगतला मी. तू 'हट बे' नाई म्हनला. म्हटलं रुसला. मंग मागं हात लावून पाह्यला तं पिशवी. मले वाटलं, रस्त्यात कुठंतरी सांडला तू."

"अण्णा," रामाजी म्हणाले, "तू आता येताना कसा आला, पाह्यलं मी."

"कसा आलो?"

"ब्रेकरवरून उडून आला. तुले काई भेव-बिव वाटत नाई. मंग मले घेऊन असा काऊन चालवतं, लेका? मी समजत होतो तू म्हतारा झाला."

अण्णाजी हेल्मेटशी खेळत राहिले. ह्या माणसाला बोलायला जागा लागे ती गाडीवरची, समोरासमोर त्याला जमत नसे. "तुह्यं ऑपरेशन झालं तवा डॉक्टरनं मलेच बोलावलतं आत," ते शेवटी म्हणाले. "फोटो दाखवला. तुह्या हाडात तो रॉड, अन् त्याच्या खाली हाड कसं, पापडावानी. म्हने, एक मोठा झटका बसला तं पुन्हा उभं राह्यनं नाई. तुले सांगू नको म्हने, घाबरन. आता मले ब्रेकर दिसला का तो फोटोच दिसते. मी काय करू."

 दोन वर्षं हा माणूस गावाचं हसू अंगावर घेत होता, आपल्या लेखीही म्हातारा ठरत होता, आणि एकदा म्हणाला नाही की बाबा, तुझ्यापायी. पुरातून गाडी काढायला हिंमत लागते, ते ठीकच. पण ज्याला उडवता येतं त्यानं चारचौघांत गोगलगाय होऊन चालायचं, ह्याला काय लागतं? रामाजींना भरून आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही, पिशवीतल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

मग त्यांनी पियुषचं सगळं सांगून टाकलं. ट्रक, हॉर्न, रूपालीचा भाऊ, कार.  "मी एसटीनं येत जाईन," रामाजी म्हणाले. "तू गाडीनं येजो, आपल्या चालीनं. पोह्याच्या ठेल्यावर भेटू. तू मोकया होशीन."

"मोकया होऊन कुठं जाऊ?" अण्णाजी म्हणाले. "आता एकट्यानं आलोच ना तेवढा रस्ता. पुन्हा नाई बाप्पा."

संध्याकाळी रामाजी स्वतःच पियुषकडे गेले. पियुष अंगणात कार धूत होता. त्यानं नजरेनंच विचारलं.

"सांगतलं," रामाजी म्हणाले. "पुढच्या रविवारपासून हायवे बंद. आम्ही आतल्या रस्त्यानं, गावागावातून जाऊ. तिकडं ट्रक नाई."

"काका, त्या रस्त्याले तं पावलापावलावर ब्रेकर हायेत. तुमचं उतरता-चढता दुपार होईन."

"होऊ दे. मी उतरत जाईन."

"पन बाबाले भेव वाटते ना आता गाडीचं."

"गाडीचं नाई रे," रामाजी म्हणाले. "माह्यं वाटते."

पियुषनं पाईप खाली ठेवला. रामाजी जायला निघाले. अंगणाला तीन पायऱ्या होत्या, आणि ऑपरेशन झाल्यापासूनही रामाजी त्या कोणाचा हात न धरता, मान ताठ ठेवून उतरत आले होते. आज ते वरच्या पायरीवर थांबले.

"पियुष, जरासा हात दे," ते म्हणाले. "हा पाय आता माह्या एकट्याचा नाई."