लाल दोऱ्याचा टॉवेल

मी एक टॉवेल. हो, टॉवेलच! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलेलं मला खपत नाही. आणि साधासुधा नाही बरं का, सोलापुरी टर्किश टॉवेल आहे मी, पांढऱ्या अंगावर निळे पट्टे असलेला. समुद्र ओलांडून जाऊन आलोय. नवी पेठेच्या दुकानात माझ्याबरोबर घडी घालून बसलेल्या किती जणांच्या नशिबी ते आलं असेल, सांगा बघू.

जन्म अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातला. मागांचा खडखडाट असा की माझं रडू कुणाला ऐकूसुद्धा गेलं नसेल. कापून वेगळा केल्यावर सुंदरम्मा नावाच्या बाईनं माझ्या कडा शिवल्या. तोंडानं ती शेजारणीला तेलुगूत सुनेची गाऱ्हाणी सांगत होती आणि हात मात्र सरळ रेषेत चालले होते. ती शिलाई अजून उसवलेली नाही.

नवी पेठेतून मला उचललं मीनाबाईंनी. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. नवरा धोंडिराम एसटीत कंडक्टर, एकुलती एक मुलगी मनाली तेव्हा शाळेत. मला वाटलं, चला, आता घरभर सगळ्यांची तोंडं पुसायची, मज्जा! पण घरी आल्या आल्या मीनाबाईंनी सुईत लाल दोरा ओवला आणि माझ्या कोपऱ्यावर ठसठशीत फुली घातली.

"ह्यो माझा," त्या म्हणाल्या. "बाकी कुणी हात लावायचा न्हाय."

मी आधी फुशारून गेलो. नाव घालून ठेवलेला टॉवेल म्हणजे काय चेष्टा आहे? पण त्यामागचं कारण कळलं आणि माझा सगळा तोरा उतरला.

मीनाबाईंच्या हातांवर आणि मानेवर कोड होतं. पांढरे डाग. ते दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, धोंडिरामांनी नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितलं. पण ऐकतंय कोण? लग्नकार्याला गेल्यावर कुणीतरी हळूच त्यांच्या हातात वेगळा टॉवेल द्यायचं आणि नंतर तो चिमटीत धरून न्यायचं. तोंडानं कुणी चकार शब्द काढायचं नाही, तेच जास्त लागायचं. म्हणून मीनाबाईंनी आपणच आपला टॉवेल वेगळा केला. कुणी काही द्यायच्या आत पिशवीतून मला काढायचं, की संपलं. ज्यांच्या आजापणज्यांना लोकांनी पाण्यापासून लांब उभं केलं, त्यांनीच आपल्या सुनेला असं लांब करावं? मला अजून राग येतो. पण टॉवेल रागावला तरी काय करणार? फार तर लवकर वाळणार नाही!

आणि कालव्यावरचं ते तर मी विसरूच शकत नाही. मीनाबाई लहानपणी गावाजवळच्या कालव्यात मनसोक्त पोहायच्या. पुढं एकदा धोंडिरामांच्या थोरल्या बहिणीकडं, म्हणजे केराबाईंकडं सगळे पाहुणे जमले होते. बायका कालव्यावर गेल्या, मीही काठावर होतो. मीनाबाई पाण्यात उतरल्या मात्र, केराबाई "गार लागतंय बाई" म्हणत बाहेर निघाल्या. त्यांच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. भर उन्हाळा होता हो! मीनाबाई पाण्यात एकट्या उरल्या. मग बाहेर येऊन त्यांनी मला असं काही घट्ट गुंडाळून घेतलं की माझाच जीव गुदमरला. त्या दिवसापासून चारचौघांत त्या पाण्यात उतरल्या नाहीत, आणि लांब बाह्या कधी कोपरावर गेल्या नाहीत.

दिवस जातात तसे गेले. धोंडिराम निवृत्त झाले. मनाली शिकली, अमेरिकेत जाऊन फिजिओथेरपिस्ट झाली, आणि एक दिवस तिनं फोनवर जाहीर केलं की आईबाबांनी तिच्याकडं यायचं आणि मग तिघांनी मिळून आठवडाभर बार्बाडोस नावाच्या बेटावर सुट्टीला जायचं.

मी तेव्हा गॅलरीच्या दोरीवर वाळत होतो, त्यामुळं पुढचं सगळं बोलणं मी ऐकलंय.

"जयभीम आई, जयभीम बाबा! आता नीट बघा," मनाली व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "एक अख्खा दिवस आपण बीच क्लबला घालवायचा. तीन क्लब निवडलेत. तुम्ही सांगाल तो पक्का करते."

"बीच क्लब म्हंजे काय गं?" मीनाबाई.

"समुद्राच्या काठावर जागा असते. तिकीट काढून आत जायचं. झोपायला खाट, वर छत्री, खायचं-प्यायचं, पोहायचं. दिवसभर बसा."

"म्हंजे समुद्राला बी तिकीट हाय?" धोंडिरामांमधला कंडक्टर ताडकन जागा झाला. "अर्धं तिकीट चालतं का म्हातारपणी?"

पहिला क्लब दिसला. मोठमोठे स्पीकर, नाचणारी पोरंपोरी. "बंद कर, बंद कर," धोंडिराम म्हणाले. "हितं वरातीचा डीजे सोसवंना, आन तितं पैसं दिऊन ऐकायचा व्हय?"

दुसरा फारच भपकेबाज. पांढऱ्याशुभ्र गाद्या, आणि कडक इस्त्रीतली माणसं पाहुण्यांच्या हातात घडी घातलेले टॉवेल देतायत. धोंडिरामांना तो एकदम पसंत पडला. मीनाबाईंचं तोंड मात्र उतरलं.

"तितं टॉवेल तेच देत्यात व्हय?"

"हो आई, अगदी हातात आणून देतात."

"मग नगं."

आता याला काय म्हणावं! मनालीनं डोक्याला हात लावला. तिसरा क्लब जुना, साधा. काठापर्यंत मोठी झाडं, सावलीत लाकडी खाटा, पाणी तळ्यासारखं शांत, आणि तिथली गावची माणसंही सकाळी आंघोळीला येणारी. मीनाबाई टक लावून त्या पाण्याकडं बघत राहिल्या. फोन अगदी नाकाजवळ नेला.

"हितं आपला टॉवेल नेला तर चालतो का?"

"चालतो गं. पण तिथंही देतात की. टोपलीतून हवा तो घ्यायचा. इतक्या लांब ते जाड धूड कशाला वाहून न्यायचं?"

धूड? मी? पण मीनाबाई हटल्या नाहीत. "माझा टॉवेल येणार. न्हायतर मी न्हाय येणार." मनालीला वाटलं आईला स्वच्छतेचं वेड. खरं काय ते धोंडिरामांना ठाऊक होतं. ते नुसतं म्हणाले, "तिसराच कर, पोरी. सावली हाय." एवढ्यावर क्लब ठरला. मीनाबाईंनी मला दोरीवरून काढलं आणि पार महिनाभर आधीच बॅगेत घातलं.

विमानाचं वर्णन करत बसत नाही. बॅगेच्या तळाशी होतो, शेंगाचटणीच्या पुडीखाली, त्यामुळं दिसलं काहीच नाही, वास तेवढा आला.

बार्बाडोसला ठरल्या दिवशी सकाळी क्लबात शिरलो तर झाडाखालच्या खाटांकडं आधीच लोक निघालेले. धोंडिरामांचा कंडक्टर पुन्हा जागा झाला, पण उलटा. जन्मभर हा माणूस एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरणाऱ्यांशी भांडला. आणि आता त्यांनीच मीनाबाईंच्या पिशवीतून मला उपसलं आणि कठड्यावरून नेम धरून सगळ्यात चांगल्या खाटेवर भिरकावलं!

"जागा धरली!" धोंडिराम खूश. मग लेकीबरोबर सरबत आणायला गेले. मीनाबाई तोवर पाण्याच्या काठाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आता यातली गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती, अशी की त्या क्लबात रिकाम्या खाटेवर पडलेला टॉवेल म्हणजे वापरून टाकलेला टॉवेल. त्यांचेही टॉवेल पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. थोडे पातळच होते, पण लांबून कोण बघतंय? निळ्या टोपीचा एक माणूस गाडा ढकलत आला, मला उचललं आणि ओल्या टॉवेलांच्या टोपल्यात टाकलं. जाता जाता टोपलं झाडाखाली ठेवून तो दुसरीकडं वळला. माझा लाल कोपरा तेवढा बाहेर लोंबत होता. तिथून मला सगळा किनारा दिसत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्या टॉवेलांत पडलो होतो. याच्या अंगावर वाळू, त्याच्या अंगावर तेल, कोण कुणाला पुसून आलाय कुणालाच पत्ता नाही. आणि कुणाला काही झालं नव्हतं. अहो, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मनाली सरबत ठेवून आईकडं आली. "डागांवर ऊन लवकर भाजतं, क्रीम लावू दे," म्हणत तिनं आईच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि क्रीम चोळलं. मीनाबाईंनी झटकन इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मग त्या पंजाबी ड्रेससकट पाण्यात शिरल्या. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिथं थांबल्या.

तेवढ्यात पाच-सहा म्हाताऱ्या बायका हसत-खिदळत किनाऱ्यावर आल्या. डोक्याला रबरी टोप्या, तिथल्याच गावच्या. आणि थेट मीनाबाई होत्या तिकडंच निघाल्या. मीनाबाई जागच्या जागी थिजल्या होत्या. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला ठाऊक होतं. आता एकीला गार लागेल, मग दुसरीला.

कुणालाही गार लागलं नाही. बायका येऊन त्यांच्या भोवती कमरेभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. गुलाबी टोपीवाली एक जाडजूड बाई मीनाबाईंना इंग्रजीत काहीबाही सांगू लागली. मीनाबाईंनीही ठोकून दिलं, "व्हय की, पानी लई ग्वाड हाय. म्हंजे खारंच हाय, पर ग्वाड हाय." ती बाई मान डोलवून मोठ्यानं हसली.

आणि मग मीनाबाईंनी अंग पाण्यावर झोकून दिलं. काय पोहल्या म्हणता!

"बाबा!" मनाली काठावरून किंचाळली. "आईला पोहता येतं?"

"कालव्यावरची हाय ती," धोंडिराम म्हणाले, आणि टोपी काढून उगीचच तोंडापुढं धरली. रडत होते, दुसरं काय.

मीनाबाई मनसोक्त पोहून बाहेर आल्या. भिजलेल्या बाह्या वर गेलेल्या, मानेवरचे डाग उन्हात लख्ख. सवयीनं खाटेकडं हात केला, तर खाट रिकामी.

"आवो, माझा टॉवेल कुटाय?"

"हितंच तर टाकला हुता!" धोंडिराम खाटेखाली वाकून शोधू लागले. मीनाबाईंनी दोन्ही हात छातीशी घेतले. मी टोपल्यातून ओरडत होतो, मी हितं हाय, हितं हाय! पण टॉवेलाचं ऐकतंय कोण?

गुलाबी टोपीवाली बाई शेजारच्या खाटेवर तोंड पुसत बसली होती. तिनं पाहिलं आणि आपला तोच अर्धा ओला टॉवेल पुढं केला. मीनाबाई मागं सरकल्या. "न्हाय न्हाय, नगं," म्हणत त्यांनी आपल्या हातावरचे डाग दाखवले. त्या बाईनं डाग बघितले. मग 'बरं, मग?' अशा नजरेनं मीनाबाईंकडं बघितलं, आणि मीनाबाईंना बोटानं खूण केली की पाठ कर. मीनाबाई वळल्या. बाईनं त्यांची मान पुसली, पाठ पुसली, हात पुसले, आणि त्याच टॉवेलानं पुन्हा आपलं तोंड पुसून तो खांद्यावर टाकला. तिच्या लेखी ते काहीच नव्हतं. मीनाबाई मात्र मटकन खाटेवर बसल्या आणि लेकीच्या कुशीत तोंड घालून हमसून हमसून रडल्या.

तेव्हा कुठं मनालीला आपल्या आईच्या लाल दोऱ्याचा अर्थ कळला.

मला धोंडिरामांनीच शोधलं. ते लाल कोपरा ओळखून टोपल्यात घुसले तेव्हा निळ्या टोपीचा माणूस धावत आला, आणि दोघांची आपापल्या भाषेत चांगलीच जुंपली. मनालीनं मिटवलं. मी हाती आलो तेव्हा मीनाबाईंनी माझा वास घेतला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "लोकांत मिसळून आलास व्हय रं?"

सोलापूरला परतल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? कात्री घेतली आणि माझ्या कोपऱ्यावरची फुली उसवून काढली. मग मला बेसिनजवळच्या खुंटीवर अडकवलं, सगळ्यांच्या हाताला येईल असा.

परवा केराबाई मुक्कामाला आल्या. जेवायच्या आधी हात धुतले, मला ओढलं, पुसायला लागल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "मीना, तुजा त्यो लाल फुलीचा टॉवेल दिसंना कुटं?"

"तुमच्या हातात हाय की, वन्सं."

केराबाईंचे हात थांबले. धोंडिराम ताटावर तसेच बसून राहिले. मला पुन्हा तो कालवा आठवला.

मीनाबाई स्वयंपाकघराच्या दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभ्या होत्या. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, चक्क हसू होतं.

"काय वन्सं," त्या म्हणाल्या, "गार लागतंय का?"

केराबाईंनी मान खाली घातली. माझ्यावरची त्यांची पकड सैल होतेय की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि आपलं तोंड माझ्यात खुपसलं. बराच वेळ पुसत होत्या. तोंड तर त्यांनी धुतलंच नव्हतं.

"न्हाय गं," शेवटी माझ्या आतूनच त्या म्हणाल्या. "मऊ लागतंय."

आता मी पार झिजलोय. पट्टे विटलेत, मधला भाग जाळीदार झालाय, लवकरच माझं पुसणं होणार. होऊ दे. हल्ली माझ्यावर हळदीचे डाग पडतात, कुणी लहान पाहुणा आंब्याचे हातही पुसून जातो, आणि मी सुटल्यासारखा खुंटीवर डुलत असतो. कधी सात रस्त्याला आलात तर घरी या. हात धुतलेत की टॉवेल कुणाचा म्हणून विचारत बसू नका. बेसिनशेजारीच आहे मी, खुशाल पुसा.