हाजराच्या गळ्यातली शिट्टी

मी हाजराची शिट्टी बोलतेय. घाबरू नका, वाजणार नाही. रत्नागिरीच्या स्टँडवरच्या ऑफिसात, टेबलाच्या खणात पडून असते मी. सोबतीला प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू : चष्म्याची डबी, बिनकुलपाच्या किल्ल्या आणि एक कवळी. गाडीत कवळी विसरून उतरलेला माणूस त्या दिवशी जेवला कसा असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी अस्सल पितळेची, हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पिपाण्यांसारखी नव्हे! कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते पावस गावाकडच्या एका शाळेचं मैदान आणि ड्रिलच्या सरांच्या मिशा. सरांनी फुंकर मारली की अख्खी शाळा जागच्या जागी उभी. धावणारे थांबायचे, मारामारी करणारे सुटे व्हायचे, आंब्यावर चढलेला गडीसुद्धा गुपचूप खाली उतरायचा. मी वाजले की जग थांबतं, अशी माझी ठाम समजूत झाली. इतकी वर्षं हेच बघितल्यावर कुणीही शेफारेल, नाही का?

हाजरा त्याच शाळेतली. खो-खोत विजेसारखी पळायची, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे संकट. बाप खलाशी, बरेच महिने बोटीवर. घरातली मोठी माणसं सारखी बजावायची, "पोरीच्या जातीनं हळू बोलावं." तिनं ते इतकं मनावर घेतलं की हजेरीला 'हजर' म्हटलेलं शेजारच्या बाकालाही ऐकू येत नसे.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती पेढे घेऊन सरांच्या घरी आली. तिची स्टँडवर 'प्रवासी सुरक्षा मदतनीस' म्हणून निवड झाली होती. आधी उमेदवारी, काम पसंत पडलं तर पक्की. हातात काठी नाही, दंड करायचा अधिकार नाही, अंगात फक्त चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. म्हाताऱ्यांना गाडीत चढवायचं, हरवलेलं पोर सांभाळायचं, कुणी पोरीबाळींना त्रास देत असेल तर मध्ये पडायचं, गरज लागली तर पोलिसांना बोलवायचं.

सर म्हणाले, "अगो, पण तुझा आवाज कुठे फुटतो?" मग कपाटातून मला काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तिच्या गळ्यात घातलं. "आवाज हिच्याकडून घे."

मला काय, गंगेत घोडं न्हालं! निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागली.

एका हॉलमध्ये तिचं प्रशिक्षण झालं. चक्कर आलेल्याला कसं झोपवायचं, भांडणाऱ्यांना कसं वेगळं करायचं, आणि गर्दी हटवायची असेल तर तुटक तुटक शिट्टी मारायची. त्यात तर मी पहिली आले असते!

स्टँडवर हाजरा मन लावून काम करायची. एकदा एक माणूस रांगेत कॉलेजच्या मुलीला सारखा खेटत होता. हाजरा काही बोलली नाही, फक्त जाऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. गडी रांग सोडून गेला. पण सुरक्षेचे प्रमुख महिपतराव पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांना असलं मुकं काम पटत नसे.

"हाजराबाई, तुम्ही प्रामाणिक आहात. पण दरारा नाही हो! हाक मारली तर चिमणीसुद्धा उडत नाही. तुम्हाला पक्कं करा म्हणून मी वर कोणत्या तोंडानं सांगू?"

ती मान खाली घालून म्हणाली, "शिकते, साहेब." आणि मला मुठीत घट्ट धरलं. तिला ही नोकरी हवीच होती. स्टँडवर लोक विचारायचे, "ओ मॅडम, दापोलीची गाडी खंयच्या फलाटावर?" आणि तिचं उत्तर ऐकायला थांबायचे. असं आजवर तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

शिमग्याच्या तोंडावरची गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहेच, शिमग्याला कोकणातला माणूस असेल तिथून गावी निघतो. स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नाही. आणि आमच्याकडची तऱ्हा अशी, की गाडी नीट उभी राहायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल पडला ती जागा आपली. रुमाल, टोपी, पिशवी, काय वाट्टेल ते. एकानं तर कोहळा ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

गुहागरची गाडी निघायच्या बेतात होती. इंजिन सुरू, ड्रायव्हर अनिल जागेवर, कंडक्टर अजून ऑफिसात. तेवढ्यात पलीकडे मंडणगडची गाडी आली आणि माणसं रुमाल उंच धरून गुहागरच्या गाडीच्या मागून धावत सुटली. ही गाडी मागे आली तर?  हाजरानं मला ओठात धरलं आणि शिकवल्याप्रमाणे मारली शिट्टी : पिर्र, पिर्र, पिर्र!

काय सुरेख वाजले मी! लोक बिचकले, बाजूला झाले.

पण हॉलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं ते ऐका. आमच्या स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून अशीच तुटक शिट्टी मारतो. तिचा अर्थ, येऊ दे, येऊ दे. आणि थांबवायची असेल तर पत्र्यावर थाप मारतो. अनिलला वाटलं, आपला कंडक्टर मागे आलाय. त्यानं गिअर टाकला आणि गाडी मागे यायला लागली.

त्याच वेळी मंडणगडकडच्या सगुणाबाई नातवाला ओढत तिथून पळत होत्या. नातवाचं नाव बाबल्या. त्याच्या पायातली चप्पल निसटली. पोरानं आजीचा हात सोडवला, मागे फिरला आणि चप्पल उचलायला बरोबर गाडीच्या मागे वाकला.

हाजरानं ते पाहिलं. छातीत होता नव्हता तेवढा श्वास तिनं माझ्यात ओतला. मी किंचाळले. गाडी आणखी जोरात मागे आली. मी पुन्हा किंचाळले, गाडी आणखी मागे! अहो, काय सांगू, माझ्या पितळेला घाम फुटला. मी वाजत होते आणि काहीच थांबत नव्हतं.

हाजरानं मला थुंकून टाकलं.

"थांबव! गाडी थांबव रेऽऽ!"

हा आवाज कुणाचा, हे मला क्षणभर कळलंच नाही. ती दोन्ही हातांनी पत्रा बडवत होती आणि ओरडत होती. फलाटावरची कबुतरं उडाली. गाडी गचका खाऊन थांबली. चप्पल चाकाखाली गेली होती. बाबल्या चाकाच्या अलीकडे होता.

सगुणाबाईंनी आधी त्याला एक सणसणीत ठेवून दिली आणि मग उराशी धरून त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागल्या. "अगो बाय माझे! माझो बाबल्यो!"

मग गर्दी अनिलवर उलटली. "डोळे फुटले काय रे तुझे? खेचा त्याला खाली!" कुणी दार उघडलं, कुणी कॉलर धरली. तो बिचारा पांढराफटक, सारखा म्हणत होता, "शिट्टी वाजली हो, मागून शिट्टी वाजली!" ऐकतंय कोण?

खरं सांगते, हाजराला गप्प बसता आलं असतं. लोक तिला हात जोडत होते, पोर वाचवणारी बाई म्हणून. महिपतराव धावत आले होते. त्यांच्या देखत तिला आवाज फुटला होता, नोकरी पक्की झाल्यातच जमा होती.

ती गर्दीत घुसली आणि अनिलच्या पुढ्यात हात पसरून उभी राहिली. "त्यांना हात लावू नका! शिट्टी मी मारली. गाडी माझ्या शिट्टीनं मागे आली. चूक माझी आहे."

 कॉलर धरणाऱ्याचा हात आपोआप खाली आला. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतकं रडू आलं!

महिपतरावांनी माझी दोरी तिच्या गळ्यातून काढून घेतली. "उद्यापासून येऊ नका. वर विचारून काय ते कळवतो." ती "बरं साहेब" म्हणाली. पुन्हा तसंच, ऐकू येईल न येईल असं.

संध्याकाळी अनिल ऑफिसात आला. मी खणातून ऐकत होते. "साहेब, ती गप्प राहिली असती तर आज माझी हाडं मोडली असती, वर नोकरीही गेली असती. स्वतःच्या पोटावर पाय देऊन ती बोलली. अशा बाईला घालवणार तुम्ही?"  महिपतरावांनी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

शिमगा आला आणि गेला. कर्ण्यावरून गाड्यांची नावं ऐकू यायची, फेरीवाले ऐकू यायचे, हाजरा नाही. चूक कबूल करणाऱ्याला हे जग ठेवून घेतं का, याची मला खात्री नव्हती. शाळेत तर खरं बोलणाऱ्यालाच आधी छडी बसायची.

आणि परवा सकाळी बाहेरून हाक आली. "ओऽ मावशीऽ! गाडीच्या मागून नको! पुढून या, पुढून!"

आली गो बाय, माझी पोर आली!

महिपतरावांची खुर्ची कुरकुरली. "काय ओरडते ही बाई," ते म्हणाले, पण हसत म्हणाले. कारकुनानं विचारलं, "पक्की झाली ना ती आता? मग तिची शिट्टी देऊ परत?"

"नको. फलाटावर शिट्टी फक्त कंडक्टरची. बाकी सगळ्यांच्या बंद केल्यात मी. राहू दे तिथेच."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाटलं. एवढी वर्षं ऐटीत वाजले आणि आता हा खण. पण तेवढ्यात तिनं दुसरी हाक दिली, पहिलीपेक्षा मोठी, आणि फुंकरीनं नाचणारा माझ्या पोटातला मणी आपोआप हलला.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगते. कधी रत्नागिरीला आलात आणि फलाटावर मागून अशी हाक आली, तर रुमाल टाकायची घाई जरा बाजूला ठेवा आणि थांबा. तिच्यासाठी थांबा. मी इथे खणात पडून ऐकतेच आहे.