दवाखान्याची बोहनी

सोमवारी डॉक्टर प्रांजलीच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावच्या टोकावर, तिचं दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. वेरूळ-खुलताबादकडच्या वस्त्यांमधून बाया काळ्यापिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं येत, व्हरांड्यात ऐसपैस बसत आणि नंबर पुकारला तरी हातातला घास संपवूनच उठत. त्यांना घाई नसे, कारण आत बसलेली डॉक्टर परकी नव्हती. ती आप्पांची लेक होती. आप्पा म्हणजे जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. त्यांची पोरगी डॉक्टर झाली, हे कौतुक त्या मुलखात अजून शिळं झालं नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी प्रांजलीचा नवरा शिवशंकर एका पाहुण्याला घेऊन आला. दवाखान्याचा कारभार शिवशंकरच बघायचा. पाहुणा होता मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा अधिकारी. शहरातल्या गारखेड्यात कंपनीचं पाच मजली रुग्णालय उभं राहिलं होतं, काचा बसवायच्या तेवढ्या बाकी होत्या. कंपनीला पडेगावचा हा दवाखाना आपल्यात सामील करून घ्यायचा होता, आणि प्रांजलीला नव्या रुग्णालयात भागीदार करायचं होतं. स्त्रीरोग विभागाच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागणार होती.

"शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ भरपूर आहेत," प्रांजली म्हणाली. "माझ्याकडेच कसे आलात?"

अधिकारी हसला. "मॅडम, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. गेल्या सहा वर्षांत या पट्ट्यात तुमच्याइतक्या कुणीच केल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे बायका आपणहून येतात. आमच्या डॉक्टरांना तासन्‌तास समजवावं लागतं, तुम्हाला समजवावं लागत नाही. हा विश्वास विकत मिळत नाही हो, म्हणून तर भागीदारी. महिन्याला चाळीस व्हाव्यात अशी अपेक्षा आहे. शुक्रवारपर्यंत कळवा."

शिवशंकरचा चेहरा खुलला होता. प्रांजलीही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षं जे काम ती 'आपल्या बायकांची सोय' म्हणून करत होती, ते परक्या माणसाच्या तोंडून कौतुक होऊन आलं आणि तिला अंगावरचा पदर सुटल्यासारखं झालं.

ही सोय कसली, ते सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, तेव्हापासून विहिरी भरल्याच नाहीत. वस्त्यांवर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि ज्याच्या हातात जोर त्याचं पिंप भरायचं. पण जिला कावळा शिवला, त्या बाईनं टँकरच्या पाइपाजवळ जायचं नाही, पिंपाला हात लावायचा नाही, मेंढरांच्या वाड्याकडं तर फिरकायचंही नाही. तिच्या विटाळानं पाणी बाटतं आणि मेंढरं मरतात, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. ज्या घरात पाणी भरणारी बाई एकच, त्या घराचे महिन्यातले पाच दिवस कोरडे. मग यावर तोडगा निघाला. विटाळ सोडायचा म्हणता? छे, छे! तो तर देवाधर्माचा. त्यापेक्षा पिशवी काढून टाकावी. ती काय, बाईचीच.

पहिली बाई आली तेव्हा प्रांजलीनं तिला हाकलून दिलं होतं. दुसरीला तासभर समजावलं होतं. तिसरी पाया पडून रडली, तेव्हा प्रांजलीनं कागदावर 'पिशवीला सूज' असं लिहिलं आणि शस्त्रक्रिया केली. सूज नव्हती. माणसाला एकदा खोटं लिहायची लाज वाटते, दहाव्यांदा वाटत नाही. पुढं पुढं तर तिनं विचारणंच सोडून दिलं.

बुधवारी तिची आई बानाबाई आली. सोबत प्रांजलीच्या धाकट्या भावाची बायको दीपमाला होती. वय सव्वीस, दोन लेकरं, कामानं काटक झालेली. बानाबाईला भागीदारीची खबर जावयाकडून लागली होती. तिनं आल्या आल्या लेकीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"पाच मजल्याचा दवाखाना! माय, लई मोठी झालीस. आता माझं एक ऐक. नव्या दवाखान्याची बोहनी घरच्याच माणसानं करावी. पहिली पिशवी हिची काढ."

"काय झालंय हिला?"

"व्हायला कशाला पायजे? दोन लेकरं झाली, आता काय काम हाय तिचं?"

प्रांजलीनं दीपमालाला आत नेऊन तपासलं. सोनोग्राफी केली. सगळं ठणठणीत होतं.

"दीपमाला, तुला काही त्रास आहे का? खरं सांग."

"न्हाय वन्सं. दुखत नाय, खुपत नाय."

"मग कशाला काढायची?"

दीपमाला पडद्याकडं बघत हळू आवाजात बोलली. "मागल्या म्हैन्यात पाच दिस बाजूला व्हते. दोन टँकर आले अन्‌ गेले. सासूबाईंचे गुडघे दुखत्यात, त्यांनी एक हंडा आणला. लेकरं शेजारच्या दारात तांब्या घिऊन हुभी ऱ्हायली. त्या बाईनं दार लावून घेतलं. तुम्हीच सांगा, पाणी कोन भरंल?"

प्रांजली बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आई, हिची पिशवी मी काढणार नाही. चांगली आहे ती. या वयात काढली की हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, बाई चाळिशीच्या आधी म्हातारी होते."

बानाबाईनं लेकीकडं रोखून पाहिलं. तिला राग आला नव्हता, ती खरोखर बुचकळ्यात पडली होती.

"आपल्या वस्तीवरच्या चौदा बायांची काढलीस. तवा नाय म्हणलीस हाडं ठिसूळ व्हत्यात म्हणून. घरची सून आली की तुला तुझं शास्त्र आठवलं व्हय?"

व्हरांड्यातल्या बाया ऐकत होत्या. नर्सनं मान खाली घातली. प्रांजलीला वाटलं, कुणीतरी ओरडावं, शिवी द्यावी, म्हणजे निदान उलट बोलता तरी येईल. पण आई फक्त उत्तराची वाट बघत होती.

"मी चुकले, आई," ती शेवटी म्हणाली.

"चुकली असशील. पर पाण्याचं काय?" बानाबाई आपली थैली उचलून उठली. "तू नाय काढलीस तर शहरात डॉक्टर काय एक हाय का?"

संध्याकाळी जेवताना शिवशंकरनं हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. तो वाईट माणूस नव्हता. जगात इतका अन्याय बहुधा चांगल्या माणसांच्या समजूतदारपणावरच चालतो.

"प्रांजली, तू नाही म्हटलंस म्हणून त्या थांबणार आहेत का? कुणीतरी काढणारच. तू निदान नीट तरी काढतेस."

"अहो, हेच मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. आता ते कंपनीच्या माणसाला तोंडपाठ आहे, तुम्हाला आहे, मलाही आहे. तो विश्वास विकत मिळत नाही म्हणाला. मी मात्र तो विकायला बसलेय."

"आणि आपली मुलं? असे दहा खाटांचे दवाखाने पाच वर्षांत राहणार नाहीत या शहरात. बघतेस ना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय उभं राहतंय ते."

ते खरंच होतं. पण शुक्रवारी तिनं स्वतः फोन लावला आणि भागीदारी नको म्हणून सांगितलं. अधिकाऱ्याला वाटलं, वाटा वाढवून हवाय. तो तसं बोललाही. प्रांजलीनं त्याला आणखी एक सांगितलं, की ज्या शस्त्रक्रियांसाठी तुम्ही माझ्याकडं आलात, त्यातल्या बहुतेक करायचीच गरज नव्हती. मग तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, असं फोनवर बोलू नये."

नकार देऊन माणूस मोकळं होतं म्हणतात. प्रांजली मोकळी झाली नाही. दीपमालाला कुठल्या दवाखान्यात नेतील, हा घोर होताच, आणि त्या चौदा बायांपैकी एकीलाही तिनं खरं सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी टँकर यायचा होता. ती सकाळीच वस्तीवर गेली. टँकर येऊन उभा होता, बायांची झुंबड उडाली होती. बानाबाई एक कळशी घेऊन गर्दीच्या कडेला धक्के खात होती. दीपमाला लांब बाभळीखाली हात मांडीवर ठेवून बसलेली दिसली. ती पुन्हा बाजूला होती.

टँकर गेल्यावर प्रांजलीनं बायांना थांबवलं. तिनं भाषण पाठ करून आणलं होतं, पण तोंड उघडल्यावर त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

"बायांनो, विटाळानं पाणी बाटत नाही, मेंढरं मरत नाहीत. आणि मी तुमच्या पिशव्या काढल्या, त्यांना काही झालेलं नव्हतं. मी कागदावर खोटं लिहिलं. ज्यांची कंबर गेलीय, हाडं दुखतात, ते माझ्यामुळं. मला माहीत होतं."

एक म्हातारी पुटपुटत निघून गेली. मग सरूबाई पुढं आली. एकोणतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली होती. 'पुन्हा कटकट नको' म्हणून प्रांजलीनं बीजांडकोषही काढले होते. आता ती चौतीस वर्षांची होती आणि कमरेला हात लावून चालत होती.

"तुला म्हाईत व्हतं?"

"होय."

"दुसऱ्या डॉक्टरचं म्या ऐकलं नसतं. तू म्हणलीस म्हणून टेबलावर झोपले." सरूबाईचा आवाज चढला नाही. "पाणी भरता यावं म्हणून काढली गं. आता विटाळ नाय, बाजूला बसणं नाय. पाइपापाशी सगळ्यांच्या आधी जाते म्या. पर भरलेला हंडा उचलंना झालाय."

तिचा हंडा तिच्या पायाशी भरलेला होता. प्रांजली तो उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," सरूबाई म्हणाली. "तू हात लावू नगं."

मग तिनं बाभळीकडं तोंड करून हाक मारली. "ए दीपमाले! हिकडं ये. माझा हंडा घरात नेऊन ठेव."

दीपमाला उठली, पण जागची हलली नाही. तिनं सासूकडं पाहिलं. सगळ्या वस्तीनं बानाबाईकडं पाहिलं.

"अगं ये की," सरूबाई म्हणाली. "माझं पाणी हाय. बाटलं तर माझं बाटंल. तुझं पोट चिरून घ्यावं लागण्यापरीस बरं."

दीपमाला आली. तिनं हंडा डोक्यावर घेतला, आणि दोघी सरूबाईच्या दारातून आत गेल्या. एक बाई मागं सरकली, दुसरी सरकली नाही. बानाबाई आपली भरलेली कळशी तिथंच जमिनीवर ठेवून घराकडं चालू लागली. कळशी मागून कुणी आणायची, ते तिनं सांगितलं नाही.

प्रांजलीचे हात रिकामे होते. आभाराची, क्षमेची अपेक्षा तिनं मनात येऊ दिली नाही. उरलेल्या तेरा जणींना सगळ्यांदेखत सांगून भागणार नव्हतं, एकेकीला तिच्या दारात जाऊन सांगायचं होतं, जे बोलतील ते उभ्यानं ऐकायचं होतं. पहिलं दार द्वारकाबाईचं होतं. तिनं कडी वाजवली.