ओला साबण

मालकाच्या बोलण्यातून नुसता पाक गळत होता आणि नर्सबाईंना नेमकं तेच खटकत होतं. घर एवढं चांगलं आहे, तर या माणसाला घाई कसली?

"भाडेकरारावर सह्या उरका आणि किल्ली घ्या," तो म्हणत होता. "तुमच्यासारखी सज्जन माणसं हल्ली मिळतात कुठे!"

नर्सबाईंचे यजमान शाळेत गाणं शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. समोरचा हसून बोलला की विरघळणारा माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं. बायकोला ते लाडाने फौजदारीण म्हणत. आज तिने फौजदारी दाखवू नये, म्हणून त्यांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

नर्सबाईंनी पाय काढून घेतला आणि त्या उठल्या. "सही कुठे पळून जातेय? जरा नळ बघते."

"परवा बघितलेत की!"

"परवा पाणी गेलं होतं ना."

घर वर्षभर बंद आहे, असं मालकाने सांगितलं होतं. बंद घरातला नळ आधी खोकतो, फुसफुसतो, मग गढूळ पाणी टाकतो. हा मात्र सोडल्याबरोबर स्वच्छ वाहू लागला. बाथरूमच्या कोपऱ्यात साबणाची वडी होती. त्यांनी बोट लावून बघितलं. बोटाला फेस आला.

त्या तशाच ओल्या बोटाने बाहेर आल्या. "इथे अंघोळ कोण करतं हो?"

"साफसफाईला बाई येते. हात धुतले असतील तिने." उत्तर पटकन आलं. जरा जास्तच पटकन.

"आणि ती मागची कुलूप लावलेली खोली?"

"माझं जुनं सामान आहे त्यात. ती खोली तुमच्याकडे नाही."

"करारात तर पूर्ण घर लिहिलंय. वीज आणि पाणीही पूर्ण घराचं आमच्या माथी."

"अहो बाई, कागदावर लिहिण्याची एक पद्धत असते."

"अगं, ठेवलंय त्यांनी सामान तर राहू दे की," मास्तर ओशाळून म्हणाले.

नर्सबाई त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. उभा जन्म वॉर्डात गेलेलं त्यांचं नाक. दाराच्या फटीतून सांधेदुखीच्या मलमाचा वास येत होता. सामानाला मलम कोण चोळतं? त्यांनी दारावर टकटक केली. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

मास्तरांचं पेन हातातच राहिलं.

"कुलूप काढा," नर्सबाई म्हणाल्या.

"हे बघा, हा आमचा घरगुती मामला—"

"आत माणूस आहे!" मास्तर ओरडले. वर्गातल्या पोरांवरही कधी आवाज न चढवणारा तो माणूस पेन टाकून उठला होता. "काढा म्हणतो ना!"

मालकाचा सगळा पाक आटला. त्याने खिशातून किल्ली काढली.

आत पलंगाच्या कडेला एक म्हातारी काठी धरून बसली होती. नाक हुबेहूब मालकाचं.

"गेले का रे रंगारी?" तिने विचारलं, आणि मग तिला दारातली माणसं दिसली.

"माझी मोठी बहीण," मालक पुटपुटला. "तिला परकी माणसं सोसत नाहीत, म्हणून..."

"मला?" म्हातारी उसळली. "रंगारी येणारेत ताई, जरा आत बस, असं म्हणून कोंडतोस! मीही म्हणतेय, एवढे रंगारी येतात आणि भिंतीला रंग म्हणून लागत नाही!"

"घर कुणाचं आहे, आजी?" नर्सबाईंनी विचारलं.

"वडिलांनी दोघांना दिलंय. मी माझा हिस्सा सोडत नाही, म्हणून हा धुमसतोय."

नर्सबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या मालकाकडे वळल्या. "म्हणजे आम्ही राहायला आलो, की करार दाखवून आम्हीच यांना बाहेर काढायचं. भांडण आमचं, तुम्ही नामानिराळे!"

मालक कुलूप हातात घेऊन मागे सरकला.

"आणि तुम्ही तरी कोण?" म्हातारीने डोळे बारीक केले. "तुम्ही याचीच माणसं नाही कशावरून?"

नर्सबाईंना राग आला नाही. तिच्या जागी त्यांनीही हेच विचारलं असतं. त्यांनी मालकाच्या हातातलं कुलूप आणि किल्ली घेऊन म्हातारीच्या मांडीवर ठेवली. तिचा फोन भावाने दुरुस्तीला म्हणून नेला होता, तो परत आलाच नव्हता. मग मास्तरांच्या फोनवरून तिच्या लेकीला बोलावलं. लेक येईपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत. लेकीने आईला बघितलं, मामाला बघितलं आणि एक अक्षर न बोलता सरळ वकिलाला फोन लावला.

पुढे त्यांना दुसरं घर मिळालं, जरा लहान, उजेडही बेताचा. तिथली मालकीण पक्की खवट. नोकरी कुठे, घरी कोण येतं-जातं, सध्याचं घर का सोडताय, असं खोदून खोदून विचारून तिने त्यांच्यासमोरच त्यांच्या सध्याच्या घरमालकाला फोन केला.

"ही बाई आपल्यावर संशय घेतेय!" मास्तर कुजबुजले.

"घेऊ दे की," नर्सबाई खुशीत म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हं, मालकीणबाई, आता माझी पाळी. या घरात तुमच्याखेरीज आणखी कुणाचा वाटा आहे का?"