उजवीकडचं बटण

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण वर्गात मी कधीच चिडत नाही. कुवेतमधल्या एका खासगी कॉलेजात मी डिझाइन शिकवते; वापरणाऱ्याला सोयीचं पडेल असं ॲप कसं करायचं, ते. माझं एक वाक्य मुलं माझी नक्कल करत म्हणून दाखवतात: "वापरणारा कधीच चुकत नाही, चुकतं ते आपलं डिझाइन." चाचणी घेताना समोरच्याला सूचना द्यायच्या नाहीत, घाई करायची नाही, आणि खोलीत जे काही बोललं जाईल ते शब्दाला शब्द उतरवायचं. त्यात फेरफार केला तर थेट नापास.

या सत्रात इक्रा आणि तल्हानं मिळून दवाखान्यात वेळ घ्यायचं ॲप केलं होतं. चाचणीसाठी त्यांना सत्तरीपुढचा माणूस हवा होता. मीच तोऱ्यात इक्राला म्हटलं, "महबूल्याला आमच्या घरी ये. माझे सासरे आहेत." इक्रा मूळची श्रीवर्धनची, घरी मराठीच बोलणारी. बाबांना दिवसभर फ्लॅटमध्ये बोलायला कुणी नसतं, ते खूश झाले. नाशिकला पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, मयूरनं, त्यांना इकडे आणलं.

सादरीकरणाच्या दिवशी इक्रानं व्हिडिओ लावला. खाली इंग्रजी भाषांतर होतं. सोफ्यावर बाबा, हातात तिचा फोन. त्यांचं बोट चुकून 'अरबी'वर पडलं आणि ॲपची सगळी मांडणी उलटी झाली. अरबी उजवीकडून वाचतात, त्यामुळे उजवीकडचं 'पुढे'चं बटण डावीकडे गेलं. "आता पुढे कसं जायचं?" म्हणत बाबा गोंधळून थांबले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीत सूर न कळणारा, माझा आवाज आला. ते ॲप मी आधीच तपासलेलं, त्यामुळे बटण कुठे आहे ते मला पाठ होतं ना!

"अहो बाबा, उजवीकडे! उजवीकडे! किती वेळा सांगायचं? डोकं काय नाशिकलाच ठेवून आलात? लहान पोरांना जमतं हे!"

खाली भाषांतर मात्र असं होतं: "सावकाश होऊ द्या बाबा. काही घाई नाही."

मी इक्राकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. पंचवीस जणांच्या त्या वर्गात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. 'वाचले', हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. सांगायला लाज वाटते, पण तोच होता. दुसरा त्याहून वाईट होता. हे आपण बोललो होतो, हे मला आठवतच नव्हतं. म्हणजे असं बोलणं रोजचंच असणार.

बाबा उजवीकडे रिकाम्या जागी बोट दाबत राहिले. एकदा नाही, दोनदा नाही, चांगलं अकरा वेळा. "हो, हो, मीच चुकतोय," असं पुटपुटत. हे वाक्य मात्र इक्रानं बरोबर उतरवलं होतं.

मग तल्हा निष्कर्ष मांडायला उठला. "बटण डावीकडे स्पष्ट दिसतंय," तो इंग्रजीत म्हणाला. "कुणी घाई केलेली नाही, मॅम तर किती शांतपणे बोलतायत. तरी ते उजवीकडेच दाबतात. म्हणजे त्यांचं लक्षच नाही. ते स्वतःसुद्धा कबूल करतात. दोष ॲपचा नाही, यांचा आहे." दोघंतिघं हसली.

माझ्या घरचा म्हातारा माणूस, आणि माझ्याच वर्गात त्याचं हसं. मी गप्प बसले असते तर सहज निभावलं असतं. "छान, पुढचा गट," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते कसेबसे गिळले.

"भाषांतर चुकीचं आहे," मी म्हणाले. आणि माझाच एकेक शब्द त्यांना इंग्रजीत सांगितला, डोक्याबद्दलचासुद्धा. "ते उजवीकडे दाबत होते, कारण मी उजवीकडे म्हणत होते. मी फोनकडे बघतही नव्हते. आत भाजी परतत होते." आता कुणी हसलं नाही. तल्हा खाली बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तास संपल्यावर इक्रा मागे थांबली. आणि माझा स्वभाव बघा, मी तिच्यावरच उखडले. "तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर पांघरूण घालायला? नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता मॅम," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही आत होता तेव्हा आजोबांना बोलले पण मी, की असं बदललं तर मी नापास होईन. तर ते माझ्यासमोर हात जोडायला लागले. बोलले, 'एवढं खोटं लिही गं पोरी. मी वेडा दिसलो तरी चालेल, पण तिच्या वर्गातली मुलं तिला हसता कामा नयेत.'"