रखमाबाईच्या दारावरची पाटी

काळाचौकीची चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि रखमाबाईला ढगांच्या शेजारी घर मिळालं. घर पाचशे फुटांच्या आतलं, म्हणून मालमत्ता कर माफ. चाळीतून तिने पाटा-वरवंटा आणला आणि नवऱ्याने, धोंडूने, स्वतः रंगवलेली पत्र्याची पाटी आणली. 'रखमाबाईची खानावळ. जेवण तयार आहे.' गिरण्या बंद पडल्या, मागोमाग खानावळ बंद पडली, मग धोंडूही गेला. पाटीवरचं जेवण तेवढं अजून तयार होतं. मुलाने, वैभवने, ती हौसेने नव्या दारावर ठोकली.

कर खात्याच्या कुणा माणसाने पाटीचा फोटो काढून नेला आणि घराला बिल आलं. वापर: व्यापारी. माफी रद्द. आकडा वाचून वैभव खुर्चीत बसला.

"आये, पाटी काढूया. सुंठीवाचून खोकला जाईल."

"तुझ्या बापाशीचो हात आसा तो," रखमाबाई म्हणाली. "हात लावून बघ."

मग वैभवने हरकतीचा अर्ज केला. सुनावणीला साक्षीदार म्हणून शेजारचे कोंडीराम, गिरणीत साचे चालवणारे जुने साचेवाले, इस्त्रीचा सदरा घालून आले. समोर धनेश नावाचा तरुण अधिकारी.

"या घरात धंदा चालत नाही, हे तुम्ही खात्रीने सांगता?"

"खात्रीने म्हणजे? रोज तिथेच जेवतो मी!"

वैभवने कपाळाला हात लावला.

"रोज?"

"सोमवार सोडून. सोमवारी मासे नसतात."

"आणखी कोण जेवतं?"

"लिफ्टवाला, कुरिअरवाला, वरची श्रेया. साहेब, बांगड्याचं तिखलं असं की बोटं चाटाल. या ना एकदा!" धनेशने खाली मान घालून लिहिलं: नियमित गिऱ्हाइके. आणि जागेची पाहणी लावली.

पाहणीच्या सकाळी वैभवने बजावलं, "आज कुणालाही जेवायला विचारायचं नाही. तोंडाला कुलूप." रखमाबाईने मान हलवली आणि वाटण वाटायला बसली. हात चालला की ओठ आपोआप चालत.

दारी आला पाहुणा गं, नाव पुसू मागाहून
आधी पाय धू दे त्याला, ताट आणिते वाढून

लिफ्ट बंद होती. धनेश मोजमापाची टेप घेऊन, घामाने निथळत, ऐन जेवणाच्या वेळी दारात उभा राहिला. रखमाबाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कुलूप गळून पडलं.

"जेवलंस काय रे झिला?"

वैभवने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब भातात तिखलं कालवत होते. सोलकढीची वाटी दोनदा रिकामी झाली. हात धुऊन धनेशने मोठ्या सावधपणे पाकीट काढलं. सरकारी माणूस, फुकट कसं खाणार? शिवाय पैसे घेतले की पुरावाही हातात.

"आजी, किती झाले?"

रखमाबाई उभी राहिली. वाढून झाल्यावर ती पुन्हा वाटायला बसली होती, वरवंटा हातातच होता.

"पैशे? माका पैशे दाखवतंस? घरी जेवलंस की आवशीक पैशे देतंस काय रे?"

पाकीट इतक्या घाईने खिशात गेलं की दुसऱ्याच खिशात गेलं. टेप रखमाबाईच्या घरीच राहिली, हे मजले उतरतानाही साहेबांच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात आदेश आला. वैभवने मोठ्याने वाचला: "सदर ठिकाणी पैसे घेण्याची कोणतीही सोय आढळली नाही. देऊ केल्यास बोलणी खावी लागतात. वापर निवासी. माफी कायम." तो आनंदाने उडालाच.

"आणि पाटीचा काय लिवला?"

वैभव जरा चाचरला. "दारावरील पाटी ही निरुपयोगी, शोभेची वस्तू आहे."

रखमाबाई पाटीखाली जाऊन उभी राहिली. पदराने तिने धोंडूच्या एकेका अक्षरावरची धूळ पुसली.

"शोभेची? अर्ध्या गिरणीची पोटां भरली हिणां."

"आये, गप. असं लिहिलं म्हणून तर वाचलो आपण."

"लिवू दे," ती म्हणाली. "टेप न्यायला येतलोच ना तो? शोभेचो बांगडो वाढतंय त्याका."