दसऱ्याचा दगड

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, "बदनामी कराले आमचंच गाव सापडलं काय तुमाले?" राळेगावहून केळापूरकडे जाणाऱ्या मोटारीत बसा. ज्या स्टँडवर उतरल्यावर समोर कापसाची जिनिंग दिसते आणि डाव्या हाताला बाजारपेठेचं तोंड दिसतं, ते हे गाव. अशी पेठ तुमच्याही गावात असेलच. वाचता वाचता ओळख पटली, तर रागावू नका म्हणजे झालं!

एकसष्ट सालची गोष्ट. ही पेठ एकेकाळी चांगली ऐसपैस होती. कापसाच्या दोन भरल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, शेजारून शेजारून जात, आणि दोन्ही बाजूंना दगडी नाली होती. पण पेठेत एक रीत पडली होती. दसऱ्याला वजनकाट्यांची आणि कापड मोजायच्या गजांची पूजा झाली, सोनं वाटून झालं, की प्रत्येक दुकानदार आपल्या ओट्यापुढे दगडांची एक नवी ओळ बसवायचा आणि तिच्यावर नारळ फोडायचा. म्हणे, ओटा वाढला की बरकत वाढते! हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण शेजाऱ्याने दगड लावला आणि आपण नाही, तर लक्ष्मी त्याच्याकडे जाईल, ही भीती मात्र सगळ्यांना होती. असे दसरे येत गेले आणि ओटे सरकत गेले. नाली ओट्यांच्या पोटात गेली, सांडपाणी रस्त्याच्या मधून वाहू लागलं. रस्ता बिचारा कोणाचाच नव्हता, त्यामुळे त्याची बाजू घेणाराही कोणी नव्हता.

सगळ्यात मोठा ओटा होता कापडवाल्या सदाशिवराव चिंतावारांचा. माणूस वाईट नव्हता हो! बोलायला गोड, देवभोळा, थोडा भित्रा. त्या दसऱ्यालाही ते दगड आणि नारळ घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणाल्या, "अवो, औंदा राहू द्या नं दगड. रस्त्यानं माणसं अंग चोरून जाऊन राह्यले."

"तुले धंद्यातलं काय समजते? शेजारच्या किसनरावनं सकायीच लावला."

"किसनरावनं हिरीत उडी घेतली तर तुमी बी घ्यान काय?"

सदाशिवरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दगड बसला, नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी तमाशा झाला. तांड्यावरचा धरमसिंग कापसाने गच्च भरलेली बंडी घेऊन जिनिंगकडे निघाला होता, आणि समोरून फकिरा नावाच्या शेतकऱ्याची रिकामी बंडी परत येत होती. पेठेच्या मधोमध दोघे समोरासमोर आले. कोणी मागे हटायचं? बैल काही मागे चालत नाहीत, आणि माणसं त्याहून चालत नाहीत! धरमसिंगने बाजू काढायला बंडी जरा दाबली, तर चाकाचा आख सदाशिवरावांच्या नव्याकोऱ्या दगडात जाऊन अडकला. मागे दुसऱ्या बंड्या, बकऱ्या, भाजीच्या पाट्या, रडणारी पोरं. दुपार टळली तरी गुंता सुटेना. अख्ख्या पेठेत त्या दिवशी वीतभर कापड विकलं गेलं नाही.

शेवटी कापूस उतरवून बंडी सोडवली, तेव्हा धरमसिंग कपाळाचा घाम पुसत ओरडला, "सेठ, तेरा ओटा मेरे बैल का रस्ता खा गया! आता पुन्हा या गल्लीत पाय ठेवीन तर नाव बदलून टाक माझं!"

सरपंच रामराव हे सगळं बघत उभे होते. रोखठोक माणूस. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बस झालं! दिवायी झाली की बाजार जिनिंगच्या मैदानात भरन. दोन बंड्या शेजारून निघतीन अन् नाली वाह्यन, असा रस्ता दाखवा, मंग बोलू."

सदाशिवराव मनाशी हिशोब करू लागले. कापूस विकून खिसा गरम झालेला शेतकरी पेठेतून घरी जातो, म्हणून तर लुगडी आणि धोतरं खपतात. बाजारच गेला, तर वडिलांनी उभं केलेलं दुकान म्हणजे माश्या मारायची जागा! रात्री ताटावर बसले, पण घास उतरेना.

सकाळी त्यांना एक युक्ती सुचली. पलीकडच्या पुऱ्यातली, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, माणसं पूर्वी बाजाराच्या आदल्या दिवशी पेठ झाडत, नाली उपसत. बदल्यात खळ्यावरचं धान्य आणि उरलंसुरलं कापड मिळे. छप्पन साली ती मंडळी नागपूरला जाऊन बौद्ध झाली आणि ते काम त्यांनी सोडून दिलं. "पेठ नासली ते तवापासून," असं सदाशिवराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आता त्यांनी ठरवलं, डोमाजीला गाठायचं. डोमाजी त्या पुऱ्यातला शिंपी, ग्रामपंचायतीचा मेंबर, आणि त्याच्या शब्दाला वजन होतं.

डोमाजी शिलाई मशीनवर बसला होता. त्याने उठून खुर्ची दिली. "या शेठजी, बसा. आज इकडं कसे?"

"डोमाजी, तुझ्या पुऱ्यातले चार माणसं दे. पेठेतली नाली साफ करून घेऊ. मंग सरपंच बाजार हालवणार नाही."

डोमाजीने मान हलवली. "देतो. पण नाली कुठी हाये, थे दाखवा."

"म्हंजे? नाली हाये नं!"

"कुठी?"

डोमाजी हसला. "शेठजी, नालीवर तर तुमी गादी टाकून बसता! आता तुमच्या गादीखालून कचरा काढाले माणूस पाठवू काय?"

आत तांदूळ निवडत बसलेली डोमाजीची आई, तुळसाबाई, हे ऐकून बाहेर आली. म्हातारी मोठी हसतमुख, पण जीभ तिखट. ती म्हणाली, "शेठ, मी तुमच्या बापापासून तुमच्या दुकानातून लुगडे घेऊन राह्यली. आजवर एकाले बी हात लावून पाह्यलं नाही. तुमी वरून टाकाचं, मी खालून पदरात झेलाचं. पोत कसा, रंग कसा, काई मालूम नाही. तुमचा ओटा समोर आला तशी मी मांगं सरकली. आता मांगं जागा नाही बाप्पा, चिखलात उभी राह्यतो. लुगडं घ्याच्या आंधी नेसतं लुगडं खराब होते!"

ती हसत हसतच बोलली, पण सदाशिवरावांना मान वर करवेना. लाज वाटली हो त्यांना, अगदी मनापासून लाज वाटली! वडिलांनी टाकलं तसं आपणही टाकत आलो. खाली कोण उभं आहे, कशात उभं आहे, हे एकदाही डोकावून पाहिलं नाही.

"पण हा दसऱ्याचा दगड हाये डोमाजी," ते पुटपुटले. "पूजा केलेला. बरकतीचा."

"बरकत दगडानं येते का गिऱ्हाईकानं?" डोमाजी मशीन सोडून समोर येऊन बसला. "गिऱ्हाईक येते कायच्यानं? रस्त्यानं. तुमी सारे मिळून रस्ताच खाऊन राह्यले, मंग बरकत काय आभायातून पडन? अन् एक सांगतो, वाईट मानू नका. पेठ आमच्यानं नासली म्हणता तुमी. आम्ही तर फक्त झाडू खाली ठेवला. कचरा कोणाचा होता?"

सदाशिवराव टोपी काढून हातात फिरवू लागले.

"आम्ही काम नाही सोडलं, शेठजी. लाचारी सोडली. गाव माझं बी हाये, मी मेंबर हाओ. फावडं घेऊन मी येतो, माझे दोस्त येतीन. पण तुमच्या हातात बी फावडं पाह्यजे. अन् पह्यला घाव तुमच्या ओट्यावर."

सदाशिवराव घरी आले आणि कौसल्याबाईंना सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोमाजीभाऊचं खरं हाये. मी बी थेच म्हणत होती. पण बायकोचं ऐकलं तर ओटा लहान होते नं तुमचा!"

मग सदाशिवराव दुकानादुकानातून फिरले. सगळ्यांनी चहा पाजला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "पह्यले तुमी." शेजारचे किराणावाले किसनराव तर मिशीत हसत म्हणाले, "तुमी फोडा सदाशिवराव, तुमच्या मांगं आम्ही हाओच!" कारण सदाशिवराव काही फोडत नाहीत, याची त्यांना खात्री होती. नागरिकहो, 'पहिले तुम्ही' हा आपला फार जुना रोग आहे. जेवायला बसताना तो शोभतो, पण कामाला लागताना गावाला बुडवतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन ओट्यासमोर उभे राहिले. अख्खी पेठ दारात आली. दगडावरचं कुंकू अजून ओलं असल्यासारखं लाल दिसत होतं. त्यांनी सब्बल खाली ठेवली, दगडाला हात जोडले, "माफ कर बाप्पा," म्हणाले, आणि पुन्हा उचलून घातला पहिला घाव!

दगड निखळला. मग दुसरा, तिसरा. कौसल्याबाईंनी पदर खोचला आणि घमेलं उचललं. चिंतावारांच्या घरची सून भर पेठेत घमेलं वाहते आहे! बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. इतक्यात डोमाजी आणि त्याचे सोबती फावडी घेऊन आले. सदाशिवरावांनी घाम पुसत हाक मारली, "या डोमाजी, तुमचीच वाट पाह्यत होतो." काल 'तुझ्या' म्हणणारे आज 'तुमची' म्हणाले. डोमाजीच्या ते लक्षात आलं, आणि तो फावडं घेऊन कामाला लागला.

दुपारी जुन्या नालीचा दगड दिसला. आतला गाळ उपसला तशी तुंबलेल्या पाण्याला वाट मिळाली, आणि काय सांगू गंमत! ते पाणी आनंदाने धावत निघालं ते थेट उताराला, किसनरावांच्या ओट्यापर्यंत. तिथे नाली बंद! पाणी थांबलं, फुगलं, आणि ओट्याच्या फटीतून दुकानात शिरलं.

"अरे गूळ! माझा गूळ!" किसनराव भेल्या उचलत नाचू लागले. "बंद करा थे पाणी!"

"बंद कायले करता?" डोमाजी शांतपणे म्हणाला. "'तुमच्या मांगं आम्ही हाओच' म्हणत होते नं तुमी? हे घ्या सब्बल."

पेठ खदाखदा हसली. किसनरावांनी एकदा गुळाकडे बघितलं, एकदा सब्बलीकडे, आणि धोतर वर खोचून ओट्यावर तुटून पडले. त्यांचा ओटा फुटला तसं पाणी पुढच्याच्या दारात जाऊन उभं राहिलं. पुढच्याला पुढच्याची घाई झाली! सरपंचाच्या भाषणाने जे झालं नसतं, ते उताराच्या पाण्याने केलं. समोरच्या ओळीवाल्यांनी दोन दिवस मजा बघितली. मग त्यांनाही चैन पडेना. एका बाजूची पेठ चकचकीत आणि आपली घाण, हे कसं दिसतं? तेही सब्बल मागायला आले.

दिवाळीपर्यंत पेठेत नुसता श्रमदानाचा धूमधडाका होता. ओट्यांच्या दगडांनी नाली बांधून निघाली, तिच्यावर सरकत्या फरश्या बसल्या. शेतकऱ्यांनी बंड्यांनी मुरूम आणून टाकला, आणि रामरावांनी विकास ब्लॉकच्या कचेरीत चकरा मारून चौकातल्या मोरीसाठी सिमेंटचे मोठे नळ मिळवले. नाली उपसण्याची पाळी आता घरोघर लागली. चिंतावारांची, किसनरावांची, आणि डोमाजींचीही.

आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराचा दिवस उजाडला. पेठेच्या तोंडाशी दोन बंड्या उभ्या केल्या, कापसाने भरलेल्या. सदाशिवराव दारात देव आठवत उभे होते. रामरावांनी हात वर केला, आणि दोन्ही बंड्या शेजारून शेजारून, घुंगरं वाजवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून गेल्या. एका बंडीवर होता धरमसिंग! पुन्हा पाय न ठेवण्याची शपथ मोडून आला होता. "पाय कुठं ठेवला, बंडीवर तर बसलो हाओ!" तो ओरडला. रामराव म्हणाले, "बाजार इथंच भरन!" आणि पेठेत एकच गलका उठला.

त्याच गर्दीतून तुळसाबाई आली. ओटा आता नव्हताच. रस्त्यावरून एक पायरी, की दुकान. ती क्षणभर पायरीशी थांबली. सदाशिवराव गादीवरून उठले. "या तुळसाबाई, आत या. बसा."

म्हातारी आत येऊन सतरंजीवर बसली. सदाशिवरावांनी पुढे लुगडी पसरली. तिने एक हातात घेतलं, बोटांत चोळलं, उजेडाला धरलं, काठ ताणून पाहिला. आणि मग म्हणाली, "अवं माय! इतके वर्स हे असं पातळ देऊन राह्यले होते काय मले? शेठ, दुसरं दाखवा."

कौसल्याबाई पोट धरून हसल्या. सदाशिवरावांनी कान पकडले आणि वरच्या फळीवरचा चांगला गठ्ठा खाली काढला. त्या दिवशी तुळसाबाईने सगळा गठ्ठा उलथापालथा केला, आणि एक हिरवं लुगडं पसंत करूनच उठली.

नागरिकहो, रस्ता, नाली, पेठ या गोष्टी सरकार बांधील तेव्हा बांधील. पण त्या बुजवतो आपणच, रोज थोड्या थोड्या, देवाचं नाव घेऊन. आपण आपल्या हक्कापुढे एक दगड सरकलो, की कोणीतरी एक पाऊल चिखलात जातं, आणि ते माणूस बहुधा आपल्याला दिसत नाही. गाव सुधारायचं असेल तर दुसऱ्याकडे बोट दाखवू नका. सब्बल उचला आणि पहिला घाव आपल्याच ओट्यावर घाला!